ताप आहे, जंतू नाही

आजचा भाग थोडा वेगळा आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. बीटेक करून पुण्यात नोकरी करणारा साधा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कोडमधले बग शोधायचे, आणि ऑन-कॉल असलो की मध्यरात्री सर्व्हरच्या अलर्टने दचकून उठायचं, असं आपलं आयुष्य. पण मध्यंतरी आमच्या घरात एक असा अलर्ट वाजत होता, की त्यामागचा बग कुणालाच सापडत नव्हता. त्याच्या मागे लागता लागता मी इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, जमेल तेवढं वाचलं. त्यातलं जे समजलं ते आज सांगतो.

माझी ताई नाशिकला असते. तिचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि त्याला सारखा ताप यायचा. आता तुम्ही म्हणाल, लहान पोरांना ताप येतोच. बरोबर आहे. पण हा ताप एकदम १०३, १०४ वर जायचा. घसा लाल, तोंडात फोड, मानेच्या गाठी सुजलेल्या. चार-पाच दिवस पोरगं अंथरुणावर. मग ताप उतरायचा आणि स्वारी दुसऱ्या दिवशी सोफ्यावरून उड्या मारायला मोकळी. साधारण महिन्याने पुन्हा तेच.

दर वेळी दवाखाना, दर वेळी रक्त तपासणी. रक्तात सीआरपी नावाची गोष्ट मोजतात, ती वाढलेली असायची. मग अँटिबायोटिक सुरू. पाचव्या दिवशी ताप उतरायचा आणि सगळे म्हणायचे, "बघा, औषध लागू पडलं." आमच्या क्षेत्रात याला मी म्हणतो, सर्व्हर आपोआप सावरला आणि श्रेय रीस्टार्ट करणाऱ्याला मिळालं! कारण घशाच्या तपासणीत जंतू नाही, रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू नाही. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. नाही, नाही, नाही.

आणि रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही की आपल्याकडे काय होतं, माहितीय ना? माणसं सापडतात. सासूबाई म्हणाल्या, पाळणाघरात ठेवतेस म्हणून होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, फ्रिजचं पाणी देत असशील. कुणी दृष्ट काढून गेलं. ताईने सहाव्या-सातव्या तापानंतर नोकरी सोडली. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, मी फोनवर काय म्हणालो? "ताई, तू उगाच जास्त टेन्शन घेतेस." हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

आता मुद्द्यावर येतो. जंतू नसताना ताप येतो कसा?

आपल्या शरीरात संरक्षणाचे ढोबळमानाने दोन विभाग आहेत. पहिला जन्मजात प्रतिकारशक्तीचा. हा फार जुना, प्राणीसृष्टीत जवळपास सगळीकडे सापडणारा. १८८२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉफ यांनी इटलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पेशी काट्याभोवती गोळा झाल्या होत्या. या विभागातल्या पेशी जंतूचं नाव-गाव विचारत नाहीत. काहीतरी गडबड आहे एवढं कळलं की मिनिटांत, तासांत कामाला लागतात. सूज, लाली, वेदना, ताप हे सगळं त्यांचं काम. याला आपण दाह म्हणू.

दुसरा विभाग अर्जित प्रतिकारशक्तीचा. इथे टी पेशी, बी पेशी आणि अँटिबॉडी आहेत. हा विभाग सावकाश तयारी करतो, पण एकेका जंतूला नेमकं ओळखतो आणि लक्षात ठेवतो. लस काम करते ती याच्या जिवावर.

आता ऑटोइम्युन हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ल्युपस, टाइप वन डायबेटिस वगैरे. तिथे दुसऱ्या विभागाची ओळखण्यात चूक होते. आपल्याच शरीरातला एखादा घटक परका समजून टी पेशी किंवा अँटिबॉडी त्याच्यावर तुटून पडतात. सोसायटीच्या वॉचमनने तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांनाच चोर समजून धरावं, तसं. अशा बऱ्याच आजारांत त्या चुकार अँटिबॉडी रक्तात मोजता येतात, म्हणजे पुरावा हातात असतो.

बरीच वर्षं वैद्यकाचा हिशेब साधारण असा होता: दाह आहे ना, मग एकतर जंतू शोधा, नाहीतर ऑटोइम्युन शोधा. पण काही रुग्ण असे होते की दोन्ही खाती रिकामी. जंतू नाही, चुकार अँटिबॉडी नाही, आणि ताप मात्र ठरल्यासारखा येतोय.

यातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला आजार म्हणजे फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर. तुर्की, अर्मेनियन, अरब आणि ज्यू समाजांत तो जास्त दिसतो. एक ते तीन दिवस ताप, पोटात इतकी भयंकर कळ की अनेकांचं अपेंडिक्स विनाकारण काढलं गेलं. कधी छातीत दुखतं, कधी सांधे सुजतात. मग सगळं शांत. १९४५ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर शेपर्ड सीगल यांनी या पोटदुखीचं वर्णन केलं तेव्हा तिच्या नावात 'बिनाइन', म्हणजे निरुपद्रवी, असा शब्द घातला. झटका ओसरला की माणूस ठणठणीत दिसतो, म्हणून. पण हा आजार निरुपद्रवी नव्हता. वर्षानुवर्षं दाह होत राहिला की यकृत एक प्रथिन भरमसाट बनवतं आणि ते मूत्रपिंडात साचत जातं. त्याला अमिलॉइडोसिस म्हणतात. त्यातून कित्येकांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणजे बघा, फक्त वरवर जे दिसतं त्यावरून नाव ठेवलं की केवढी फसगत होते.

गंमत अशी की या आजाराचं कारण कळायच्या कितीतरी आधी औषध सापडलं. १९७२ मध्ये बॉस्टनच्या स्टीफन गोल्डफिंगर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात छोटंसं पत्र लिहिलं, की कोल्चिसिन दिल्यावर झटके थांबतात. कोल्चिसिन हे गाउटचं जुनं औषध. आणि इथे आपल्या सह्याद्रीचा एक संबंध आहे. पावसाळ्यात ट्रेकला गेलात तर ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी दिसते, बघितलीय? तिच्यात तेच कोल्चिसिन असतं. पण खबरदार! कळलावी जहाल विषारी आहे. औषध मोजून-मापून बनवलेल्या गोळीत असतं. फोटो काढा, हात लावू नका.

आता कारणाकडे येऊ. १९९७ मध्ये दोन गटांनी, एक आंतरराष्ट्रीय आणि एक फ्रेंच, स्वतंत्रपणे या आजाराचं जनुक शोधलं. सोळाव्या गुणसूत्रावरचं एमईएफव्ही. ते जे प्रथिन बनवतं त्याला एका गटाने नाव दिलं पायरिन, म्हणजे ग्रीकमधल्या अग्नी आणि ताप या अर्थाच्या शब्दावरून. दुसऱ्याने दिलं मॅरेनोस्ट्रिन, लॅटिनमध्ये 'आमचा समुद्र', म्हणजे भूमध्य. मुद्दा नावाचा नाही. मुद्दा हा की हे प्रथिन सापडलं कुठे, तर जन्मजात विभागातल्या पेशींत, न्यूट्रोफिल वगैरेंत. दुसऱ्या विभागाचा इथे संबंधच दिसत नव्हता.

दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, आयरिश-स्कॉटिश वंशाच्या कुटुंबात पूर्वी नोंदलेल्या एका अशाच तापाचं जनुकही सापडलं. ते दाहाचा निरोप घेणाऱ्या एका रिसेप्टरचं होतं. मायकेल मॅकडरमॉट, डॅनियल कास्टनर आणि सहकाऱ्यांनी त्या शोधनिबंधात या आजारांसाठी एक नवा शब्द वापरला: ऑटोइन्फ्लमेटरी. मराठीत म्हणायचं तर स्वयंदाही. बाहेरून कुणी पेटवलं नाही, आतूनच पेटलं. ही संकल्पना मांडल्याबद्दल कास्टनर यांना २०२१ मध्ये क्रॅफर्ड पुरस्कार मिळाला.

आता परत आमच्या सोसायटीत या. पार्किंगमध्ये एक जुनी गाडी आहे. रात्री दोनला तिचा सायरन बोंबलायला लागतो. वॉचमन टॉर्च घेऊन धावतो, अर्धी सोसायटी गॅलरीत. चोर कुठेय? चोर नाहीच. वॉचमनने कुणाला चुकीचं धरलेलंही नाही. सायरनचं वायरिंगच असं झालंय की मांजर शेजारून गेलं तरी वाजतो. ऑटोइम्युन म्हणजे ओळखण्यातली चूक, आणि ऑटोइन्फ्लमेटरी म्हणजे सायरनमधला बिघाड. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

हा सायरन पेशीत कुठे असतो? २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या गटाने त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं इन्फ्लमासोम. पेशीत धोक्याची खूण दिसली की काही प्रथिनं एकत्र येऊन एक यंत्र जुळवतात. ते यंत्र इंटरल्युकिन-१ नावाच्या निरोप्याला कापून तयार करतं. तोवर तो निरोप्या अर्धवट, निष्क्रिय अवस्थेत पडून असतो. तयार झाला की तो बाहेर पडतो आणि त्याच्या निरोपावरून मेंदू शरीराचं तापमान वाढवतो. यकृताला निरोप गेला की सीआरपी वाढतं. म्हणजे सीआरपी आपल्याला फक्त एवढंच सांगतं की आग लागलीय. कुणी लावली ते सांगत नाही. आमच्याकडे दर वेळी 'सीआरपी वाढलं म्हणजे जंतू' असं धरून चाललो होतो, तिथेच गाडी चुकली होती.

पण एक इंजिनिअर म्हणून मला प्रश्न पडला, हे सगळं कागदावर ठीक आहे, खरं कशावरून? तर याचा फार सुंदर पुरावा आहे. काही कुटुंबांत थंडी लागली की काही तासांत अंगावर पुरळ, ताप, सांधेदुखी सुरू होते. साधा एसीचा गार वारासुद्धा पुरतो. २००१ मध्ये हाल हॉफमन आणि सहकाऱ्यांना त्याचं जनुक सापडलं. ते निघालं अशाच एका इन्फ्लमासोमचा भाग बनणाऱ्या प्रथिनाचं. मग २००४ मध्ये त्यांनी अशा रुग्णांना मुद्दाम थंड खोलीत बसवलं, पण आधी अनाकिन्रा नावाचं औषध देऊन. हे औषध इंटरल्युकिन-१चा निरोप अडवतं, बाकी काही नाही. आणि पुरळ, ताप, काहीच आलं नाही! एकच वायर कापली आणि सायरन बंद झाला, म्हणजे बिघाड त्याच वायरवर होता. डिबगिंग याहून वेगळं काय असतं हो?

मग दुसरा प्रश्न. इतकं सदोष जनुक पिढ्यानपिढ्या टिकलं कसं? फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हरमध्ये सहसा आई आणि बाबा दोघांकडून बदललेलं जनुक आलं तरच आजार होतो. एकच प्रत असलेले लोक बहुधा ठणठणीत असतात, आणि त्या भागात असे लोक भरपूर आहेत. पायरिनचं मूळ काम पाहारा देण्याचं. काही जंतू पेशीतलं एक महत्त्वाचं प्रथिन बंद पाडतात, तसं झालं की पायरिन सायरन वाजवतं. प्लेगचा जंतू इतका बेरकी की तो पायरिनलाच गप्प बसवतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की बदललेलं पायरिन या गप्प बसवण्याला सहज दाद देत नाही. म्हणजे प्लेगच्या काळात ज्यांचा सायरन जरा हळवा होता, ते वाचले असावेत. आज आपण ज्याला बिघाड म्हणतो, तो कधीकाळी कुणाच्या तरी पणजोबांना तारून गेला असेल.

आता व्याख्येचं बोलू, कारण खरी मेख तिथेच आहे. सुरुवातीची व्याख्या 'नाही'वर उभी होती. उघड कारण नसताना दाह, चुकार अँटिबॉडी नाहीत, चुकार टी पेशी नाहीत. नकारावर उभ्या असलेल्या व्याख्येची अडचण ही, की जे कुठेच बसत नाही ते सगळं तिथे कोंबता येतं. म्हणून २०१० मध्ये कास्टनर आणि सहकाऱ्यांनी ती होकारार्थी मांडली. त्याचा सारांश असा: दाह प्रमाणाबाहेर वाढलेला हवा, तो मुख्यतः जन्मजात विभागाच्या पेशी आणि रेणूंमुळे झालेला हवा, आणि त्या माणसात त्याकडे झुकणारी ठळक अंगभूत प्रवृत्ती हवी. यातला 'मुख्यतः' शब्द बघा. म्हणजे भिंत घातलेली नाही. दोन्ही विभाग एकमेकांशी सतत बोलत असतात, त्यामुळे आजारांची एक लांब पट्टी धरली तर एका टोकाला शुद्ध ऑटोइन्फ्लमेटरी, दुसऱ्या टोकाला शुद्ध ऑटोइम्युन आणि बरेच आजार अधेमधे. गाउटमध्येही युरिक ॲसिडचे स्फटिक इन्फ्लमासोमच चेतवतात, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे ते जुनं कोल्चिसिन दोन्हीकडे चाललं, तो निव्वळ योगायोग नव्हता.

आणि ही प्रवृत्ती जन्मतःच असायला हवी असंही नाही. २०२० मध्ये व्हेक्सास नावाचा आजार सापडला, मुख्यतः उतारवयाकडे झुकलेल्या पुरुषांत. शास्त्रज्ञांनी या वेळी उलटा शोध घेतला. कारण न कळलेल्या ताप आणि दाहाच्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांची जनुकं आधी चाळली आणि समान बदल कुणात आहे ते पाहिलं. पंचवीस पुरुष निघाले. लक्षणं इतकी वेगवेगळी की एरवी त्यांना कुणी एका ओळीत बसवलं नसतं. बदल एक्स गुणसूत्रावरचा, आई-वडिलांकडून न आलेला, वय वाढताना अस्थिमज्जेतल्या पेशींत झालेला. हे मी वाचलं तेव्हा माझ्या मनात एकच आलं. या माणसांना इतकी वर्षं काय काय ऐकावं लागलं असेल!

परत नाशिकला येऊ. मी स्वतः काही मोठं केलं नाही. ताई कालनिर्णयवर तापाच्या दिवसांना लाल पेनने गोल करायची. मी ते सगळं एका शीटमध्ये भरलं. दोन तापांमधलं अंतर २७, २९, २६, २८ दिवस. मध्यल्या काळात वजन नीट वाढतंय, उंची वाढतेय. सर्दी-खोकला जवळपास कधीच नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाला लागण नाही. जंतू काही कॅलेंडर बघून येत नाहीत ना? ते शीट घेऊन आम्ही मुलांच्या सांधे आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी रिपोर्टची जाड फाइल बाजूला ठेवली आणि ते एक पान पाच मिनिटं पाहिलं. मग ठरावीक काळाने न्यूट्रोफिल कमी होण्याचा एक आजार असतो, तो नाही ना हे बघायला काही आठवडे रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. ताप नसताना सीआरपी मोजलं, ते अगदी नॉर्मल. माहीत असलेली जनुकं तपासली, काही सापडलं नाही. आणि मग नाव मिळालं: पीएफएपीए. ठरावीक अंतराने ताप, तोंडात फोड, घशाला सूज, मानेच्या गाठी.

याचं एकच असं जनुक अजून सापडलेलं नाही, तरी तो याच कुटुंबात मोडतो. बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. ताप सुरू होताना दिलेला स्टेरॉइडचा एक डोस तो काही तासांत उतरवतो, पण त्याने कधीकधी पुढचा ताप लवकर येतो. म्हणून कधी द्यायचा, द्यायचा की नाही, हे मॅडम ठरवतात. अँटिबायोटिक मात्र कायमचं थांबलं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. मॅडमनी नाव सांगितल्यावर ताईने औषधाबद्दल काही विचारलं नाही. तिने पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना?"

मंडळी, व्याख्या म्हणजे पुस्तकातली एक ओळ असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की व्याख्या नसली तर ती रिकामी जागा दोषाने भरली जाते. आणि बहुतेक वेळा तो दोष आईच्या डोक्यावर पडतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' याचा अर्थ एवढाच, की जे शोधलं ते सापडलं नाही. काही झालंच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता एक कळकळीची विनंती. हा भाग ऐकून मोबाइलवर स्वतःचं निदान करू नका. हे आजार दुर्मिळ आहेत. आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, टीबी हे सगळं खरोखर असतं आणि डॉक्टर आधी तेच शोधणार, शोधायलाच हवं. तुम्ही करायचं ते एवढंच: ताप परत परत येत असेल तर तारखा लिहून ठेवा. किती दिवस, किती ताप, सोबत काय काय, आणि मधल्या काळात तब्येत कशी. एक साधं पान. ते डॉक्टरांना दाखवा आणि थेट विचारा, "हे ठरावीक अंतराने येतंय, जंतूशिवाय दुसरं काही असेल का?"

भाच्याचं अंतर आता वाढलंय. मागचा ताप अडीच महिन्यांनी आला. ताई पुन्हा कामावर जाते. आणि ते माझं वाक्य, "तू उगाच जास्त टेन्शन घेतेस," त्याबद्दल मी गेल्या भाऊबीजेला तिची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "ओवाळणीत ते शीट दिलंस ना, झालं की."

तुमच्या घरात असं कुणी असेल, ज्याचे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि तरी त्रास होतोय, तर आज त्यांना एक फोन करा. सल्ला देऊ नका, फक्त ऐका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!